डब्याखालचं लेबल

राउटर विकत घ्यायला निघालेला माणूस आधी अँटेना मोजतो. मग विचारतो, रेंज किती खोल्यांत जाईल, आणि शेवटी किंमत. नारायणगाव ते मंचर या पट्ट्यात घरं, दवाखाने, शाळा, पतसंस्था आणि पोल्ट्र्या यांना नेट जोडून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या तिन्ही प्रश्नांच्या आधी मी राउटर उलटा करून खालचं लेबल वाचतो. तिथं मॉडेलचं नाव असतं आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरात आवृत्तीचा आकडा. माझी निवड त्या आकड्यापासून सुरू होते, आणि बऱ्याचदा तिथंच संपते.

मला पाहायचं असतं ते एवढंच, की या डब्यावर ओपनडब्ल्यूआरटी चढेल का.

राउटर म्हणजे एक छोटा संगणकच. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते, आणि फ्लॅश नावाची कायमची साठवण असते. या फ्लॅशमध्ये कंपनी आपली प्रणाली भरून देते, तिला फर्मवेअर म्हणतात. घरातला प्रत्येक मोबाइल, प्रत्येक कॅमेरा, बँकेचा प्रत्येक व्यवहार या डब्यातून जातो. कंपनी सुरुवातीची काही वर्षं फर्मवेअरच्या दुरुस्त्या देते आणि मग नव्या मॉडेलकडे वळते. आमच्याकडे मात्र राउटर एकदा भिंतीला लागला की जळेपर्यंत उतरत नाही. त्यामुळे कंपनीनं विसरलेले राउटर घरोघरी आठ-आठ, दहा-दहा वर्षं चालू असतात. ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर उभी असलेली, मूळ संकेत (सोर्स कोड) सर्वांना खुला असलेली प्रणाली आहे. ती जगभरची माणसं मिळून सांभाळतात. कंपनीचं फर्मवेअर काढून ती बसवली, की डबा दुरुस्त ठेवणं आपल्या हातात येतं.

याचा काय उपयोग, असं मला लोक विचारतात तेव्हा मी २०१७ चा ऑक्टोबर सांगतो. १६ तारखेला मॅथी व्हानहोफ या बेल्जियमच्या संशोधकानं डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या कुलपातली मोठी फट जाहीर केली. त्या वेळी ओपनडब्ल्यूआरटीतून फुटून लेडे नावानं वेगळा झालेला गट होता, पुढे जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले. त्या लेडेची दुरुस्त आवृत्ती १८ ऑक्टोबरला हजर होती. ती फट मुख्यतः वाय-फायला जोडून घेणाऱ्या बाजूची होती. शहरातल्या फ्लॅटमध्ये ती बाजू म्हणजे मोबाइल आणि लॅपटॉप. आमच्याकडे घर एकीकडे, गोठा दुसरीकडे, कांदा चाळ तिसरीकडे. घरच्या राउटरला गोठ्यातला राउटर बिनतारी जोडलेला असतो, म्हणजे तोही जोडून घेणाराच. असे जोड मी लावलेल्या ठिकाणी राउटर ओपनडब्ल्यूआरटीवर होते, तिथं मी जाऊन नवी आवृत्ती चढवली. बाकीच्या डब्यांसाठी कंपन्यांच्या पानांवर रोज पाहत राहिलो, आणि त्यातल्या कित्येकांसाठी तिथं काहीच आलं नाही.

आता आवृत्तीच्या आकड्याकडे येतो, कारण खरी मेख तिथं आहे. एकाच नावाखाली कंपन्या आतला सगळा माल बदलतात. ही खोड खुल्या फर्मवेअरच्या चळवळीइतकीच जुनी आहे. २००२ च्या अखेरीस लिंक्सिसनं डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. त्याच्या आत लिनक्स आहे हे २००३ मध्ये काही जाणकारांनी ओळखलं. लिनक्सचा परवाना सांगतो, की ते घालून वस्तू विकलीत तर मूळ संकेत द्यावा लागेल. दबाव आला, लिंक्सिसनं संकेत दिला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. त्याच्या नावातली डब्ल्यूआरटी ही अक्षरं त्याच राउटरची. पण २००५ मध्ये याच डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती आली, त्यात फ्लॅश ४ एमबीवरून २ वर आणि रॅम १६ वरून ८ वर आणली होती, आणि लिनक्सही काढून टाकलं होतं. रंग तोच, नाव तेच. लिनक्सवाल्यांसाठी कंपनीनं मग डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळं मॉडेल विकायला ठेवलं.

आमच्या भागातलं याचं उदाहरण म्हणजे टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन. दोन अँटेनांचा पांढरा डबा, कुठल्याही दुकानाच्या, किराणावाल्याच्या, केबलवाल्याच्या भिंतीवर दिसेल. त्याच्या बाराव्या आवृत्तीत क्वालकॉम अ‍ॅथरॉसची चिप, ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. तेराव्यात मीडियाटेकची चिप, ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम. माणसाला वाटेल, चौदावी आणखी सुधारलेली असेल. चौदावीत पुन्हा ४ आणि ३२. दुकानदार तिन्ही एकाच नावानं देतो, त्याचा काही दोष नाही, त्याच्या बिलावर एवढंच नाव असतं. ४ आणि ३२ वाल्या डब्यांवर ओपनडब्ल्यूआरटीच्या आजच्या आवृत्त्या बसतच नाहीत. ८ आणि ६४ सुद्धा आता अपुरं पडतं. आज नवं घेणाऱ्याला मी सांगतो, फ्लॅश १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी याच्या खाली जाऊ नका, आणि जमलं तर २५६ रॅमचा घ्या.

दुसरी गोष्ट चिपची. अ‍ॅथरॉसच्या जुन्या चिपा आणि मीडियाटेकच्या बऱ्याचशा चिपा यांचे वाय-फाय ड्रायव्हर खुले आहेत. ब्रॉडकॉमच्या वाय-फायचं तसं नाही. ब्रॉडकॉमचा दणकट, सहा अँटेनांचा राउटर कुणी हौसेनं आणला तर मी त्याला हात लावत नाही, कंपनीच्या फर्मवेअरवर चालू ठेवतो. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ ची दुसरी आवृत्ती क्वालकॉमची आणि तिसरी मीडियाटेकच्या एमटी७६२१ ची. दोन्हींवर ओपनडब्ल्यूआरटी चढतं, पण फाइल वेगवेगळी. म्हणून खरेदीच्या आधी प्रकल्पाच्या हार्डवेअरच्या तक्त्यात मॉडेल, आवृत्ती आणि शक्यतो देश, तिन्ही जुळवून पाहावेत. ऑनलाइन मागवताना लेबल दिसत नाही. तिथं विक्रेत्याला आधी लेबलचा फोटो मागायचा, नाही दिला तर दुसरा विक्रेता.

फायबरवाल्यांनी दिलेला डबा मात्र जिथं आहे तिथं राहू द्यावा. तो त्यांच्या मालकीचा असतो आणि फायबरच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्राशी त्याचीच ओळख असते. त्यांना तो ब्रिज मोडवर टाकायला सांगायचं, पीपीपीओईचं, म्हणजे जोडणीच्या लॉगिनचं, नाव आणि पासवर्ड मागून घ्यायचा, आणि आपला राउटर त्याच्या मागे लावायचा. काही जण पासवर्ड देताना कुरकुर करतात. शांतपणे दोनदा मागितला की बहुतेक वेळा मिळतो.

हे सगळं एका ठिकाणी एकत्र आलं ते मीना नदीच्या काठच्या एका मळ्यावर. चहूबाजूंनी ऊस, मध्ये घर, घरापासून लांब गोठा. जुन्नर-आंबेगावात ऊस म्हटला की बिबट्या आलाच. माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे ते याच कारणानं. त्या घरचे आप्पा मला पहिल्यांदा म्हणाले ते एवढंच, “मला बाकी काय नको. रातचं जनावर आलं तर घरात बसून दिसलं पायजे.”

कॅमेरे त्यांनी आधीच घेतले होते, स्वस्तातले. स्वस्त कॅमेऱ्याची भीती मला बिबट्याइतकीच वाटते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूनं नेमके असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर हेरले होते, ज्यांचा कारखान्यातला पासवर्ड कुणी बदललेला नव्हता. त्यांची फौज करून त्यानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या, एका मोठ्या कंपनीवर हल्ला चढवला आणि नामांकित संकेतस्थळं काही तास बंद पाडली. म्हणून आप्पांच्या कॅमेऱ्यांना मी वेगळं कुंपण घातलं. ओपनडब्ल्यूआरटीच्या फायरवॉलमध्ये झोन करता येतात. घरचा झोन एक, बाहेरच्या नेटचा दुसरा, कॅमेऱ्यांसाठी मी तिसरा केला. घरच्या झोनमधून कॅमेरे दिसतील, पण कॅमेऱ्याला बाहेर एक अक्षरही पाठवता येणार नाही. चित्रण घरातल्याच रेकॉर्डरवर. आप्पांचा मुलगा चाकणला कामाला, त्याला तिथून पाहायचं होतं, त्यासाठी राउटरवरच वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरात येण्याची सुरक्षित वाट, बसवलं. त्यांच्या फायबरवर आयपीव्ही६ पत्ता मिळत होता म्हणून ते जमलं. छोट्या पुरवठादारांकडे एकाच पत्त्यामागे सगळं गाव असतं, तिथं बाहेरून आत येता येत नाही आणि दुसरी वाट शोधावी लागते.

एक अडचण मात्र चालू झाल्यावर समोर आली. गोठ्यातलं एक वासरू बिबट्यानं नेलं. चित्रण होतं, जनावर स्पष्ट दिसत होतं. पंचनाम्याला वनरक्षक आले तर चित्रणावरची तारीख आणि वेळ साफ चुकलेली. कॅमेऱ्यात घड्याळ चालवणारी बॅटरी नव्हती. वीज गेली की त्याचं घड्याळ कारखान्याच्या तारखेला जाई, आणि बाहेरचं नेट बंद असल्यामुळे त्याला वेळ सांगणारं कुणी नव्हतं. साध्या राउटरवर इथं कॅमेऱ्याला पुन्हा नेट मोकळं करण्याशिवाय इलाज नसतो. ओपनडब्ल्यूआरटीत राउटरच वेळ सांगणारा सर्व्हर होतो, एका खुणेचं काम आहे. आता कॅमेरे राउटरला वेळ विचारतात. राउटरच्या आतही बॅटरीचं घड्याळ नसतंच, पण या प्रणालीनं त्याची छान तजवीज केली आहे. सुरू होताना राउटर आपल्या सेटिंगच्या फाइलींपैकी सर्वांत अलीकडची कुठली ते पाहतो आणि तिच्या तारखेपासून घड्याळ चालू करतो. नेट आलं की खरी वेळ घेतो. भारनियमन सोसणाऱ्या गावाला ही युक्ती किती कामाची आहे हे ज्यानं लिहिली त्याला कदाचित माहीतही नसेल.

विजेचं निघालंच आहे तर सांगतो. राउटर निवडताना तो किती व्होल्टवर चालतो हेही त्याच लेबलवर पाहावं. बाजारात मिळणारे छोटे यूपीएस बहुधा १२ व्होल्टचे असतात, आर्चर सी६ त्यावर सरळ चालतो. जुन्या ८४१एनला ९ व्होल्ट लागतात. घर ते गोठा तांब्याची लॅन केबल कधी उघड्यावरून ओढू नये. वळवाच्या पावसात वीज जवळपास कुठंही पडली तरी ती केबल दोन्ही टोकांची पोर्ट जाळते. बिनतारी जोड किंवा फायबर, हेच बरं.

फर्मवेअर चढवताना राउटर मेला तर, ही भीती सगळ्यांना असते. ८४१एनसारख्या डब्यांत कंपनीनंच एक मागचा दरवाजा ठेवलेला आहे. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, ठरावीक नावाची फाइल टीएफटीपी सर्व्हरवर ठेवायची, राउटरचं रीसेट बटण दाबून धरून वीज चालू करायची. डबा स्वतःहून ती फाइल मागून घेतो आणि उठून बसतो. ओपनडब्ल्यूआरटी बसल्यावर सेटिंग बिघडलं तर फेलसेफ मोड, म्हणजे ते सेटिंग बाजूला ठेवून सुरू होण्याची सोय, असतो. ही सोय कुठल्या मॉडेलला आहे आणि कुठल्याला उघडून तारा जोडाव्या लागतात, हे मी विकत घेण्याआधी वाचतो. गावात काम करणाऱ्याला ही माहिती वेगापेक्षा महत्त्वाची, कारण बिघाड झाला की दुरुस्तीला दुसरं कुणी नसतं.

वेगाबद्दल दोन शब्द. नेट संथ आहे म्हणून लोक मोठा प्लॅन घेतात, आणि तरी घरात एकानं व्हिडिओ चढवायला लावला की दुसऱ्याचा ऑनलाइन वर्ग अडखळतो. याचं कारण बहुतेक वेळा प्लॅन नसून राउटरमधली लांबच लांब रांग असते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आटोक्यात ठेवण्याची कोडेल ही रीत मांडली. डेव्ह टाट आणि त्यांच्या सोबत्यांनी सेरोडब्ल्यूआरटी नावाच्या प्रयोगात ती राउटरवर घासून-पुसून घेतली आणि तिथून ती ओपनडब्ल्यूआरटीत आली. टाट एप्रिल २०२५ मध्ये गेले. ओतूरच्या एखाद्या वाडीवर पोरगी विनाअडथळा वर्ग ऐकते त्यात या माणसाचा वाटा आहे, आणि तो सांगायला हवा. ही रीत वापरणारी, एसक्यूएम नावाची सोय चालवायला प्रोसेसर जरा दमदार लागतो. एमटी७६२१ वर दोन-तीनशे एमबीपीएसच्या पुढे माझी अपेक्षा नसते. गावातल्या प्लॅनला तेवढं भरपूर होतं.

आमच्या तालुक्यात रेडिओलहरींचा विचार करताना खोडदला विसरून चालत नाही. तिथं जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यवर्ती भागात आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, एकमेकींपासून २५ किलोमीटरपर्यंत. डोंगरांच्या आडोशामुळे इथं माणसांचा रेडिओगोंगाट कमी, हे जागा निवडण्याचं एक कारण होतं. या तबकड्या फायबरनं जोडल्या गेल्या तेव्हा आमच्या घरांत टेलिफोनसुद्धा मोजकेच होते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तिथं प्रदर्शन भरतं, शाळांच्या गाड्या लागतात. मी ते पाहत आलो आहे, आणि माझ्या कामाची शिस्त काही प्रमाणात तिथून आली. दुर्बीण साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते, आपलं वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे त्या पट्ट्याच्या बाहेर. पण निकृष्ट अ‍ॅडाप्टर खालच्या पट्ट्यांतही कचरा ओकतो. म्हणून मूळ अ‍ॅडाप्टर हरवला तर रस्त्यावरचा स्वस्त घेऊ नका. ओपनडब्ल्यूआरटीत देशाचं नाव भारत ठेवा, म्हणजे इथं मोकळ्या असलेल्या वाहिन्या आणि इथली मर्यादा लागू होते. ५ गिगाहर्ट्झचा बराच पट्टा भारतात २०१८ मध्ये परवानामुक्त झाला आहे, तेव्हा रेंज वाढवायला दुसऱ्या देशाचं नाव टाकण्याची गरज उरलेली नाही. प्रक्षेपणाची ताकद लागेल तेवढीच ठेवता येते, रात्री वाय-फाय आपोआप बंद करता येतं. आकाश ऐकणाऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्यानं एवढं करावं असं मला मनापासून वाटतं.

ही हौस शहरी माणसांची, असं कुणी म्हणालं तर मला पालघर आठवतं. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं प्रा. अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या गावांना टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून नेट पोहोचवलं, आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळवलं. गावातलं जाळं गावाला सांभाळता आलं पाहिजे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. आमच्या शेजारी पाबळला डॉ. कलबागांचा विज्ञान आश्रम १९८३ पासून हेच शिकवत आला आहे, की यंत्र उघडून दुरुस्त करता आलं पाहिजे.

मी प्रत्येकाच्या घरी हे बसवत नाही. दोन मोबाइल आणि एक टीव्ही एवढाच पसारा असेल आणि घरात कुणालाच यात रस नसेल, तर फायबरवाल्याच्या डब्याचा पासवर्ड बदलून देतो आणि निघतो. खुलं फर्मवेअर बसवून त्याच्याकडे पाठ फिरवली तर तेही कंपनीच्या विसरलेल्या डब्यासारखंच जुनं होतं. कॅमेरे असतील, घरून काम असेल, दवाखान्यातले रुग्णांचे कागद असतील, घर आणि गोठा जोडायचा असेल, तिथं मात्र मी आग्रह धरतो. आणि एकाच्या जागी एकाच मॉडेलचे, एकाच आवृत्तीचे दोन घ्यायला लावतो. दुसरा तीच सेटिंग भरून कपाटात राहतो. वीज पडून पहिला गेला तर घरची सूनबाईसुद्धा फोनवर विचारत विचारत दुसरा लावते.

ज्याला पैशाची फार चिंता नाही आणि बाहेरून मागवायची तयारी आहे, त्याच्यासाठी आता ओपनडब्ल्यूआरटी वन आहे. प्रकल्पानं सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी आणि बनाना पाय यांच्या साथीनं २०२४ च्या अखेरीस तो आणला. १ जीबी रॅम, वाय-फाय ६, आणि मुख्य फ्लॅश बिघडली तर उठवण्यासाठी वेगळी छोटी फ्लॅश. त्याच्या लेबलवर आकडे शोधत बसावं लागत नाही. पण तो आमच्याकडे दुकानात मिळत नाही, आणि जळाला तर मंचरच्या बाजारात दुसरा नाही. त्यामुळे आज माझी शिफारस तक्त्यात नाव असलेला, जवळच्या दुकानात पुन्हा मिळू शकणारा, मीडियाटेकचा साधा राउटर हीच आहे.

एक काम मात्र आपल्यापैकी कुणीही घरबसल्या करू शकतो. ओपनडब्ल्यूआरटी चालवण्याचं जे पान ब्राउझरमध्ये उघडतं त्याला लुसी म्हणतात, आणि तिचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे. काही मराठी माणसांनी ते मोफत केलं. बरीच वाक्यं अजून इंग्रजीतच आहेत. आप्पांच्या घरी मी मराठी पान चालू करून दिलं तेव्हा कॅमेऱ्यांचा झोन त्यांनी स्वतः वाचला, आणि पुढचे प्रश्न त्यांनी मला नावानिशी विचारले. हे भाषांतर वेबलेट नावाच्या संकेतस्थळावर चालतं, त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, मराठी नीट यावी लागते. शिक्षकांनी, कॉलेजच्या मुलांनी, निवृत्त झालेल्या टेलिफोन खात्याच्या मंडळींनी रोज पाच-दहा वाक्यं केली तरी ते पुरं होईल. कृपया करा.